बिनभाड्याचा प्रवासी



कार्तिकी पौर्णिमा झाली आणि चातुर्मासाची सांगता झाली, की आपल्या घराघरांत यात्रेच्या गोष्टी निघू लागतात. दिवाळीचा माल उठलेला असतो, दुकान चार दिवस नोकरांवर सोपविता येते, हवाही सुखद असते. कोणी पालिताण्याचे नाव काढतो, कोणी शंखेश्वराचे, कोणी सम्मेदशिखरजीचे. मग वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार होतो, मुलांच्या परीक्षांचा होतो, भोजनशाळेच्या वेळा विचारल्या जातात आणि तिकिटे काढली जातात. या सगळ्या विचारविनिमयात घरातील एका माणसाचे नाव सहसा कोठेच येत नाही, कारण त्याला तिकीटच लागत नाही. आजचा लेख त्या बिनभाड्याच्या प्रवाशाविषयी आहे. आणि त्याला मांडीवर घेऊन बसणाऱ्या त्याच्या आईविषयी आहे.

रेल्वेचा नियम आपणा सर्वांना ठाऊक आहे. पाच वर्षांखालील मुलाला भाडे पडत नाही, मात्र त्याला स्वतंत्र जागाही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ नको असल्यास अर्धे भाडे, बर्थ हवा असल्यास पूर्ण भाडे, ही पद्धत 21 एप्रिल 2016 पासून लागू आहे. नियमाचा आणखी एक भाग मात्र फारसा कोणी लक्षात ठेवत नाही. पाच वर्षांखालील मुलासाठीही, आपली इच्छा असल्यास, पूर्ण भाडे भरून वेगळा बर्थ घेता येतो. सक्ती नाही, पण सोय आहे. हा भाग मलाही ठाऊक होता. बँकेत एवढी वर्षे नियमांची पुस्तके वाचण्यातच गेली, तेव्हा तो ठाऊक नसता तरच नवल! तरीही मी त्याचा उपयोग केला नाही. त्याची ही हकिकत आहे.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आम्ही शिखरजीला निघालो. थोरले बंधू, वहिनी, मी, आमच्या सौभाग्यवती, चिरंजीव आणि सूनबाई असे सहा जण. शिवाय चौदा महिन्यांची नात. मनमाडहून मध्यरात्रीनंतर गाडी पकडायची, दुसरा सबंध दिवस मध्य प्रदेशातून जायचे आणि त्या रात्री गया मागे टाकून पहाटेपूर्वी पारसनाथ स्थानकावर उतरायचे, असा बेत होता. तिकिटे मी स्वतः काढली. सहाही नावे एकाच तिकिटावर बसविली आणि वातानुकूलित तीन-टियरमध्ये समोरासमोरचे सहा बर्थ मिळविले. सर्व मंडळी एकत्र राहिली, याचे मला मोठे समाधान वाटले. नातीसाठी वेगळा बर्थ घ्यावा का, असे चिरंजीवाने एकदा विचारले होते. मी म्हणालो, “अरे, एवढ्याशा जिवाला कशाला? ती आईजवळ झोपेल.” दोन हजारांच्या आतली रक्कम होती. ती वाचली आणि माझ्या मनातल्या वहीत जमेच्या बाजूला लिहिली गेली.

बर्थांची वाटणीही मीच केली. बंधू आणि वहिनी सत्तरीच्या पुढचे, तेव्हा खालचे दोन बर्थ त्यांना. मी आणि चिरंजीव वर चढू शकतो, तेव्हा वरचे दोन आम्हाला. उरलेले मधले दोन, एक सौभाग्यवतींना आणि एक सूनबाईंना. कागदावर या वाटणीत कोणाला दोष काढता आला नसता. पण मधल्या बर्थची रचना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्यातली चूक लगेच दिसेल. मधल्या बर्थवर ताठ बसता येत नाही. डोके वरच्या बर्थला लागते. रुंदी जेमतेम दोन फुटांची. तेवढ्या जागेत मूल आतल्या बाजूला घेतले तर आई काठावर येते, मूल काठाला घेतले तर आईला झोप लागत नाही. मूल अंगावर पिणारे असेल तर रात्री दोनतीनदा उठून बसावेच लागते, आणि तेथे बसता येत नाही. तीन-टियरला पडदाही नसतो. पहिल्या रात्री नात झोपेतच गाडीत चढली, म्हणून यातले काहीच माझ्या लक्षात आले नाही.

दुसऱ्या दिवशी जबलपूर गेले, कटनी गेले. डब्यात आमचा छोटासा संसारच मांडलेला होता. खाखरे, दशम्या, मेथीचे ठेपले, भाजके पोहे. नातीसाठी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आणि नाचणीचे सत्त्व. उकाळलेले पाणी दोन मोठ्या बाटल्यांत होते, आणि थंडीच्या दिवसांत ते चार प्रहर चालते, म्हणून सौभाग्यवतींनी ते कधी उकाळले ती वेळसुद्धा बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहिली होती. जीवदयेच्या बाबतीत आमच्या घरात हयगय होत नाही, असा माझा समज होता.

सायंकाळच्या भोजनाची वेळ मी धरून ठेवली होती ती आमच्या गावच्या सूर्यास्ताची. पावणेसहाच्या आसपास जेवण उरकावे, असा हिशोब. पण गाडी पूर्वेकडे धावत होती. मनमाड साधारण साडेचौऱ्याहत्तर रेखांशावर आहे, प्रयागराज ब्याऐंशीच्या जवळ. एका रेखांशाला चार मिनिटे, म्हणजे तेवढ्या अंतरातच सूर्य अर्धा तास आधी मावळतो. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडे गेल्यामुळे आणखी काही मिनिटे आधी. घड्याळ मात्र सगळ्या देशाचे एकच. सतना मागे पडले तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिले, तर बिंब क्षितिजाला टेकायला आलेले. मग एकच धांदल उडाली. आधी बंधू आणि वहिनींना वाढले, मग मी आणि चिरंजीव घाईघाईने जेवलो, सौभाग्यवतींनी वाढता वाढता दोन घास घेतले. सूनबाई त्या वेळी रडणाऱ्या नातीला खांद्यावर घेऊन डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारीत होत्या. त्या परत आल्या तेव्हा दिवस मावळला होता. “राहू द्या मम्मी, माझा चौविहारच आहे,” एवढेच त्या म्हणाल्या. मला ते ऐकून कौतुक वाटले. हो, कौतुकच वाटले, हे मुद्दाम सांगतो.

दुपारी त्यांचे जेवण कसे झाले होते, हे मी पाहिलेच नव्हते. त्यांच्या ताटातली निम्मी खिचडी नातीने सांडली होती आणि उरलेली तिला भरवून झाली होती.

त्या रात्री नात जागी राहिली. मधल्या बर्थवर तिला घेऊन बसता येईना, म्हणून सूनबाई वहिनींच्या खालच्या बर्थच्या पायथ्याशी, वहिनींची झोप मोडू नये अशा बेताने, कोपऱ्यात टेकून बसल्या. अंगावर पाजत होत्या आणि स्वतः पाण्याचा थेंबही घेत नव्हत्या. मी वर पांघरूण घेऊन झोपलो होतो. मध्ये एकदा जाग आली, खाली पाहिले, ‘आई आणि लेक जाग्या आहेत’ असे मनात आले आणि मी कूस बदलली.

पारसनाथला गाडी अंधारातच पोचली. थांबा थोडा, सामान अकरा नग. आम्ही पुरुष मंडळी सामान उतरविण्यात गुंतलो. सूनबाई नातीला घेऊन दारात उभ्या होत्या. पायरीवर पाऊल टाकताना त्यांना भोवळ आली. हात सैल पडला. आमच्या शेजारच्या बर्थवरील धनबादला जाणाऱ्या एक बाई निरोप द्यायला दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी मागून नातीला झेलल्यासारखे धरले आणि दुसऱ्या हाताने सूनबाईंचा दंड पकडला. पुढे काय झाले असते ते लिहिण्याची गरज नाही. फलाट आणि पायरी यांमधली फट मला आजही डोळ्यांसमोर दिसते. त्या बाई मूल माझ्या हातात देताना म्हणाल्या, “बहू ने कल दोपहर से कुछ खाया नहीं है। आपने देखा नहीं?”

आम्ही सहा जण एका घरातले. त्या बाई परक्या, परधर्मीय, चोवीस तासांच्या ओळखीच्या. पाहिले त्यांनी.

मधुबनला पोचल्यावर नवकारसीची वेळ झाली, तेव्हा सूनबाईंनी दूध घेतले आणि त्या झोपल्या. भोजनशाळेच्या कार्यालयात मी साधर्मिक भक्तीच्या खात्यात पावती फाडली. नातीच्या बर्थला जे भाडे पडले असते, त्याच्या कितीतरी पट ती रक्कम होती, आणि देताना हात जराही आखडला नाही. पावतीवर सही करताना मात्र मनात आले: ही साधर्मिक भक्ती कोणाची? आदल्या संध्याकाळी माझ्यापासून चार हातांवर उपाशी उभी होती ती साधर्मिक नव्हती काय? पाणी किती प्रहर चालते ते आम्ही बाटलीवर लिहून ठेवले. पाण्यातल्या एकेंद्रिय जीवांची जयणा पाळली. समोरच्या पंचेंद्रिय जीवाची जयणा पाळायला विसरलो. वाचलेले भाडे मी जमेला लिहिले होते. ते कोणाच्या नावे पडले, हे त्या सकाळी मला वाचता आले.

दुसऱ्या दिवशी वंदनेला निघण्याची वेळ आली. वीस तीर्थंकरांची ती निर्वाणभूमी. नऊ कोस म्हणा वा सत्तावीस किलोमीटर म्हणा, चढण, टोंकांची परिक्रमा आणि उतरण मिळून सबंध दिवस जातो. मी पूर्वी दोनदा वंदना केलेली होती, सूनबाईंची ही पहिलीच वेळ. सौभाग्यवतींनी आणि मी ठरविले की आम्ही खाली राहू, सूनबाई बरे वाटत असेल तर डोलीने का होईना, पण वर जातील. त्या गेल्या. पहाटे चार ते दुपारी चार, बारा तास, नात आमच्याकडे होती. आजोबा म्हणून मी तिला रोज घेत असे, पण ते तासाभरासाठी. रडू लागली की आईकडे देण्यासाठी. बारा तासांत मूल किती वेळा उचलावे लागते, किती वेळा पुसावे लागते, आपला घास किती वेळा हातातच राहतो, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळले. आणि आम्ही दोघे होतो, जमीन स्थिर होती, हाताशी गरम पाणी होते. धावत्या गाडीत एकटीने हे कसे होत असेल?

यंदा यात्रेला निघणाऱ्या, घरात लहान मूल असणाऱ्या कुटुंबांसाठी या अनुभवातून जे शिकलो ते लिहितो.

पहिली गोष्ट तिकिटाची. लांबच्या, विशेषतः दोन रात्रींच्या प्रवासाला मुलासाठी पूर्ण भाड्याचा बर्थ घ्यावा. तो बर्थ मुलाला झोपवायला उपयोगी पडतोच असे नाही; पण घरातले कोणीतरी तेथे जाते आणि आईला मोकळा बर्थ मिळतो. ज्येष्ठांना खालचा बर्थ देण्याचा जो राखीव कोटा आहे, 60 वर्षांवरील पुरुष आणि 45 वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी, तो तिकिटावर अशा एक किंवा दोनच व्यक्ती असताना लागू होतो. माझ्यासारखी सहा नावे एका तिकिटावर कोंबली की तो लाभ जातो. वडीलधाऱ्यांचे तिकीट वेगळे काढावे, म्हणजे त्यांना त्या कोट्यातून खालचा बर्थ मिळण्याचा संभव वाढतो. दुसऱ्या तिकिटावर ‘किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच आरक्षण करावे’ हा पर्याय निवडावा आणि तो बर्थ आईला द्यावा. आगाऊ आरक्षण आता 60 दिवस आधी खुले होते, पूर्वीप्रमाणे 120 नव्हे. दिवस मोजून ठेवावेत. रेल्वेने 2022 च्या मे महिन्यात लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला छोटा ‘बेबी बर्थ’ प्रयोगादाखल बसविला होता. अशी सोय सर्वत्र होईल तेव्हा होवो. तोवर आपल्या घरातली सोय आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट आहाराची. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही नको, पाणीसुद्धा नको. म्हणजे त्या बाळाचे सगळे अन्नपाणी आईच्या ताटातूनच जाते, हे लक्षात ठेवावे. त्यापुढच्या मुलांना घरची मऊ खिचडी, नाचणीचे सत्त्व, मुरमुरे, केळे पुरते. शेंगदाणे, फुटाणे, अख्खे काजू-बदाम सहप्रवासी प्रेमाने पुढे करतात. लहान मुलाच्या हातात ते देऊ नयेत, गाडीच्या हिसक्याने घशात अडकतात. मध तर आपल्याकडे अभक्ष्यच मानला आहे. एक वर्षाखालील बाळाला तो देऊ नये असे वैद्यकशास्त्रही सांगते. प्रवासात जुलाब सुरू झाले, तर जलसंजीवनीची पाकिटे जवळ असावीत. नसल्यास एक लिटर उकाळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असावे. मूल मलूल दिसले तर संकोच न करता 139 या क्रमांकावर कळवावे अथवा तिकीट तपासनिसांना सांगावे. पुढच्या मोठ्या स्थानकावर डॉक्टरांची सोय करता येते.

दूध-पाणी गरम ठेवायला उत्तम थर्मास न्यावा. डब्यातल्या प्लगवर विजेची किटली लावण्यास मनाई आहे. स्टोव्ह आणि गॅसची शेगडी तर यात्रेच्या सामानात मुळीच असू नये. 26 ऑगस्ट 2023 रोजी मदुराई येथे यात्रेकरूंच्या खास डब्यात सोबत आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण प्राणास मुकले. आपल्या संघयात्रांत ‘शुद्ध आणि गरम’ याच्या आग्रहापोटी कोणी असे सामान आणीत असेल, तर आयोजकांनी स्पष्ट नकार द्यावा.

तिसरी गोष्ट पाळ्यांची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुकानात दुपारच्या जेवणाला मालक गेला की गल्ल्यावर कोण बसणार, हे ठरलेले असते. तसेच मूल कोण घेणार, हे प्रवासात वेळेसह ठरलेले असावे. सूर्यास्तापूर्वी एक तास मूल आजोबांकडे किंवा बापाकडे असावे आणि पहिले ताट आईला वाढावे. पूर्वेकडे जात असाल तर सूर्यास्त त्या मुक्कामाचा पाहावा, आपल्या गावचा नव्हे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात मधला बर्थ उघडता येतो; त्या आठ तासांचे दोन वाटे करून निम्मा वेळ तरी आईला अखंड झोप मिळावी.

नियमांविषयी भीतभीत एक वाक्य लिहितो, कारण तो माझा अधिकार नाही. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार सांगितलेले आहेत. समाधी राखण्यासाठीही आगार आहे. अंगावर दूध पाजणाऱ्या आईने प्रवासात चौविहार करावा की तिविहार, की आणखी काही, हे आपल्या गुरुमहाराजांना निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. हा प्रश्न तिच्यावर सोपवून आपण तिच्या दृढतेचे कौतुक करीत बसू नये. ती संकोचाने विचारणार नाही. घरातील ज्येष्ठांनीच विचारावे.

त्या संध्याकाळी सूनबाई वंदना करून उतरल्या, नातीने त्यांच्याकडे झेप घेतली. मी त्यांना म्हणालो, “सूनबाई, संवत्सरीला आम्ही सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो, कशाबद्दल ते कधी आठवत नाही. आज आठवते आहे. येताना तुमच्याकडे माझे लक्ष नव्हते. मिच्छामि दुक्कडम्.” त्या गोंधळल्या. डोईवरचा पदर सावरीत, नातीच्या केसांतून हात फिरवीत थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हसून म्हणाल्या, “पप्पा, एवढं कशाला? परतीला फक्त खालचा बर्थ मला द्या.”

परतीच्या गाडीत बंधूंनी स्वतःहून खालचा बर्थ सोडला आणि ते मधल्या बर्थवर चढले. सूर्यास्तापूर्वी पहिले ताट सूनबाईंना वाढले गेले. नात त्या वेळी माझ्या मांडीवर होती आणि माझे जेवण त्या दिवशी सर्वांच्या शेवटी झाले. अर्थात, पश्चिमेकडे येताना सूर्य थोडा उशिरा मावळतो, त्यामुळे मलाही वेळ पुरला.